पीछे कौन आ रा?

वसमतला आमच्या अब्बांचं वेल्डिंगचं दुकान आहे. चाळीस वर्षांत त्यांनी वखर, तिफण, खिडक्यांचे गज, शाळेचं गेट, कब्रस्तानचं फाटक असं काय काय बनवलं. पण पंचक्रोशीत त्यांचं नाव झालं ते ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांमुळे. वसमतला पूर्णा सहकारी साखर कारखाना आहे, हळदीची मोठी बाजारपेठ आहे. ऊस असो की हळद, ती शेतातून निघते ती ट्रॉलीतच. त्यामुळे आमच्या अंगणात एखादी ट्रॉली उताणी पडलेली नाही असा दिवस मी लहानपणी पाहिलेला आठवत नाही. आम्ही भावंडं लपाछपी खेळलो तीही ट्रॉल्यांच्या खालीच.

ट्रॉलीत लोक सगळ्यात आधी पत्रा बघतात, मग टायर. अब्बा म्हणतात, ट्रॉलीचा जीव दोन्हींत नाही, तो जोडात आहे. ट्रॉलीच्या दांडीची कडी ट्रॅक्टरच्या हुकात बसते, त्यातून जाड पिन जाते, आणि त्या पिनेला खालून एक बारीक लॉक असतं. दहा टन ऊस त्या चार-आठ आण्यांच्या लॉकच्या भरवशावर रस्त्यानं जात असतो. ते हरवलं की लोक खिळा वाकवून घालतात, नाहीतर तार गुंडाळतात. एका गळीत हंगामात अशीच एक ट्रॉली चढावर सुटली आणि मागे येत येत रस्त्याच्या कडेच्या नालीत गेली. ती ट्रॉली आमच्या दुकानची नव्हती. मागे कुणी नव्हतं म्हणून निभावलं. अब्बा तिथे जाऊन ती पिन बघून आले. पिनेत वाकवलेला खिळा होता. त्या दिवसापासून आमच्या दुकानातून ट्रॉली जाताना दोन लॉक, एक जादा साखळी आणि मागे लाल रिफ्लेक्टर फुकट जातात. आणि शेतकरी ट्रॅक्टरवर बसला की अब्बा एकच प्रश्न विचारतात. आमच्या घरात दखनी बोलतात, म्हणून तो प्रश्न दखनीतच सांगते: “पीछे कौन आ रा?” मागे कोण येतंय? शेतकरी हसतात, पण मान वळवून बघतात.

हे सगळं सांगायचं कारण माझा धाकटा भाऊ. तो पुण्यात इंजिनिअर आहे. बारावीनंतर तो गेला तो गेलाच. दुकानात त्याचं मन कधी रमलं नाही, आणि अब्बांनीही त्याला कधी अडवलं नाही. पण त्या दोघांचं बोलणं हळूहळू कमी होत गेलं. फोन आला की तो अम्मीशी बोलायचा, भाभीशी अम्मी बोलायची, आणि शेवटी “अब्बांना सलाम सांग” असं म्हणून फोन ठेवला जायचा. भांडण नव्हतं. एकमेकांशी बोलायला विषयच उरला नव्हता. ज्या घरांतली मुलं शिकून शहरात गेली आहेत, त्या घरांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

अशा भावाचा एका रात्री थेट अब्बांच्या मोबाइलवर फोन आला. त्यानं गाडी घेतली होती. आय-ट्वेंटी एन लाइन, पोलो जीटी अशा ज्या चपळ हॅचबॅक असतात त्या जातीतली. टर्बो इंजिन, रुंद टायर, मागच्या काचेवर छोटासा पंख, खाली दोन सायलेन्सरची तोंडं. आणि त्याला सायकलिंगचा नाद लागला होता. त्याला दोन सायकली घेऊन ईदला घरी यायचं होतं. एक त्याची, आणि दुसरी त्याचीच जुनी, जी तो माझ्या लेकीला देणार होता. मामू-भाचीनं वसमतहून औंढा नागनाथच्या रस्त्यानं सायकलवर जायचं असा बेत ठरला होता. माझी लेक नववीत आहे. औंढ्याजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो प्रयोगशाळा उभी राहणार, तिच्या दोन भुजा चार-चार किलोमीटर लांब असणार, हे तिनं वाचलं होतं; एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं २,६०० कोटींच्या खर्चाला मंजुरी दिली तेव्हापासून ती जागा लांबून तरी बघायची तिची इच्छा होती. तीही सायकलवर जाऊन.

भावाचं मागणं असं होतं: “अब्बा, गाडीच्या मागे टोचन हूक लावून द्या. त्यावर सायकलींचं कॅरियर बसतं. पुण्यात एक गॅरेजवाला अर्ध्या दिवसात लावून देतो म्हणतोय. पण तुमच्यासारखं वेल्डिंग तो काय करणार?”

फोन ठेवल्यावर अब्बा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग अम्मीला म्हणाले, “पोराला दुकानातलं काहीतरी लागलं.” अम्मीनं मला हे सांगितलं तेव्हाच मला कळलं, की हा प्रश्न आता सायकलींचा राहिला नाही.

टोचन हुकाचीच गरज का पडली, हेही सांगते. सायकल गाडीवरून नेण्याच्या साधारण चार तऱ्हा आहेत. पहिली, मागची सीट पाडून, सायकलचं पुढचं चाक काढून ती आत घालायची. पण मागच्या सीटवर माझा चार वर्षांचा भाचा त्याच्या लहान खुर्चीत बसतो. दुसरी, छतावर दांड्या लावून वर उभी करायची. त्यात वारा भरतो, वजन उंचावर जातं, आणि कमानीखालून किंवा पार्किंगच्या छताखालून जाताना वर सायकल आहे याचा विसर पडला की संपलं. तिसरी, पट्ट्यांनी डिकीच्या दाराला अडकवायचं कॅरियर. त्या पट्ट्या दाराच्या वरच्या कडेला धरतात, आणि भावाच्या गाडीत नेमका तिथेच तो प्लॅस्टिकचा पंख. म्हणून चौथी तऱ्हा, टोचन हूक. युरोपात हीच सर्रास चालते. बंपरच्या खालून ५० मिलिमीटर व्यासाचा लोखंडी गोळा बाहेर आलेला असतो, त्यावर कॅरियर घट्ट आवळायचं, त्यावर सायकली उभ्या करायच्या. उचलायला सोपं, छत मोकळं, सीट मोकळी.

दिवाळीच्या सुट्टीत भाऊ मोकळी गाडी घेऊन आला. मला शाळेला सुट्टी होती, म्हणून मीही माहेरी होते. मी विज्ञान शिकवते, त्यामुळे अब्बांनी मलाही वही-पेन घेऊन दुकानात बोलावलं.

अब्बांनी गाडी दोन्ही बाजूंनी उचलून स्टँडवर घेतली, मागचा बंपर उतरवायला लावला, आणि ते खाली सरकले. बाहेर आले ते हात पुसत, आणि भावाला म्हणाले, “हिला हाडं कुठं आहेत?”

बोलेरोसारख्या किंवा पिकअपसारख्या गाडीला खाली शिडीसारखी चासी असते. जाड लोखंडाची, पुढून मागेपर्यंत. तिला हूक लावणं सोपं. हॅचबॅकला तशी चासी नसतेच. वाकवलेले, दुमडलेले पत्रे एकमेकांना जोडून जी पेटी होते तीच तिची चासी आणि तेच तिचं अंग. डिकीचा तळ म्हणजे एक मिलिमीटरच्या आसपास पत्रा. त्याच्या दोन्ही बाजूंना दुमडून केलेल्या दोन पोकळ दांड्या, आणि त्यांच्या टोकांना बंपरच्या आत एक आडवा बीम. हा बीम आणि त्याच्यामागचे दोन डबे मुद्दाम चुरगळायला बनवलेले असतात. मागून धक्का बसला तर आधी ते चुरगळतात आणि धक्का आतपर्यंत पोचू देत नाहीत.

भावानं मागच्या बंपरमधली छोटी झाकणी दाखवली. “अब्बा, कंपनीनं इथे कडीची जागा दिलीय की. गाडी बंद पडली तर इथूनच टोचन करतात.” अब्बा म्हणाले, “ते ओढायला. सरळ ओढलं तर धरेल. तू लटकवायला निघालास. बैल ओढतो तो खांद्यानं, खांद्याला कुणी माणूस लटकवत नाही.”

मग त्यांनी फरशीवर खडूनं गाडी काढली आणि मला आकडे मांडायला सांगितले. हे आकडे इथेही देते, कारण वर्गात तरफ शिकवताना मला याहून चांगलं उदाहरण आजवर मिळालेलं नाही. भावाची सायकल ११ किलो, लेकीसाठीची १४ किलो, कॅरियर १७ किलो. एकूण ४२ किलो. भावाच्या दृष्टीनं हे काहीच नाही; डिकीत एक हळदीचं पोतं टाकलं तर याहून जास्त होतं. पण पोतं आत असतं, सायकली बाहेर. त्या ४२ किलोंचा मध्य मागच्या चाकांच्या आखापासून सुमारे ११५ सेंटिमीटर मागे येत होता. गाडीच्या पुढच्या आणि मागच्या आखात अंतर अडीच मीटर. मागचं चाक म्हणजे टेकू. ४२ ला ११५ नं गुणून २५० नं भागलं की १९ येतात. म्हणजे पुढच्या चाकांवरून १९ किलो वजन उचललं जातं आणि मागच्या चाकांवर ४२ नव्हे, ६१ किलो पडतात. आणि ही गाडी ओढते पुढच्या चाकांनी, वळते पुढच्या चाकांनी, ब्रेकचा मोठा वाटाही पुढच्याच चाकांवर.

आमच्या भागातल्या जुन्या लोकांना हे एका शब्दात कळतं: उलाळ. बैलगाडीत माल मागे जास्त झाला की जू वर उचलतं, बैलांच्या गळ्याला फास बसतो, गाडी उलाळ होते. पुढे जास्त झाला तर बैलांच्या मानेवर दाब येतो. गाडीवान माल भरून झाला की जू हातानं उचलून बघायचा आणि मग एखादं पोतं पुढे किंवा मागे सरकवायचा. ट्रॅक्टरचंही तेच. ओढायचं हूक आखाच्या खालच्या उंचीवर असतं ते उगीच नाही. कुणी हुशारी करून वरच्या बाजूला साखळी बांधली आणि जोर लावला तर ट्रॅक्टर पुढून उठतो आणि चालकासकट मागे उलटतो. असे अपघात होतात, माणसं जातात.

१९ किलोंनी भावाची गाडी उलटणार नव्हती, हे अब्बांनाही मान्य होतं. त्यांची चिंता दुसऱ्या आकड्याची होती. हूक ज्या पट्टीला बसणार त्या पट्टीपासून सायकलींचा मध्य ६० सेंटिमीटर लांब. पट्टीवरच्या वरच्या आणि खालच्या बोल्टांत अंतर फक्त ८ सेंटिमीटर, कारण तिथे जागाच तेवढी. ४२ गुणिले ६०, भागिले ८. वरच्या बोल्टांच्या ओळीवर ३१५ किलोंची ओढ, तीही गाडी उभी असताना. स्पीडब्रेकरवर गाडी उसळली की ती दुप्पट धरली तरी ६३० किलो. भाऊ म्हणाला, “बारा एमएमचे चांगले बोल्ट एवढं सहज धरतील.” अब्बा म्हणाले, “बोल्ट धरेल रे. बोल्टाखालचा पत्रा धरणार नाही. आणि एकदाच धरायचं नाही, पुण्यापासून वसमतपर्यंत धरायचं.” पुणे ते वसमत जवळपास साडेचारशे किलोमीटर आहे. त्यात खड्डे किती आणि गावागावांतले उंचवटे किती, ते या रस्त्यानं येणाऱ्यांना ठाऊक आहे. पत्रा एका दणक्यानं फाटत नाही. हजार दणक्यांनी बोल्टाच्या भोकाशी केसाएवढी भेग पडते आणि ती कुणाला दिसत नाही.

“मग वेल्डिंग मारा. पत्र्याला नको, त्या दोन दांड्यांना मारा,” भाऊ म्हणाला. हा अब्बांच्या हाताचा मान होता, आणि त्यांना तो आवडला हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. पण त्यांनी मान हलवली. आजकालच्या गाड्यांत जे पोलाद वापरतात ते खास ताकदीचं असतं. ती ताकद त्याला कारखान्यात तापवून-थंड करून दिलेली असते. त्यावर आपण वेल्डिंग मारलं की सांध्याच्या आजूबाजूला ते मऊ पडतं. वरून सांधा सुंदर दिसतो, शेजारी पोलाद कच्चं होतं. शिवाय चुरगळण्यासाठी ठेवलेल्या डब्यांवर जाड लोखंडाचं हूक घट्ट बसवलं, की मागून कुणी ठोकलं तर ते डबे चुरगळायच्या आधी हूकच धक्का आत पोचवणार. आणि आत, मागच्या सीटवर, भाचा.

परदेशात मग हे कसं चालतं, हा प्रश्न मलाही पडला होता. तिथे गाडी बनवतानाच कंपनी ठरवते की या मॉडेलला टोचन चालेल की नाही, चालेल तर किती. दांड्यांमध्ये हुकाच्या भुजा आत सरकवण्याची जागा आणि भोकं कारखान्यातच ठेवलेली असतात. हुकावर एक पाटी असते. त्यावर ओढण्याचा आकडा वेगळा आणि गोळ्यावर खाली पडणाऱ्या वजनाचा आकडा वेगळा लिहिलेला असतो. ब्रिटनमध्ये १ ऑगस्ट १९९८ पासून वापरात आलेल्या कारला चाचणी होऊन मान्यता मिळालेलंच हूक लावावं लागतं. म्हणजे तिथला वेल्डरसुद्धा स्वतःच्या मनानं अँगल कापून लावत नाही. आणि सगळ्याच गाड्यांना ही मान्यता नसते. चपळ, बसक्या गाड्यांमध्ये तर कित्येकदा नसतेच, कारण सायलेन्सर, रुंद बंपर आणि खालची जागा यांचा मेळ बसत नाही.

आपल्याकडे कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं, की नोंदणी पुस्तकातला तपशील आणि कंपनीनं मुळात दिलेला तपशील यांत फरक पडेल असा बदल मालकानं गाडीत करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही याच कलमावर बोट ठेवलं. त्याआधी ७ डिसेंबर २०१७ ला केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयानं गाड्यांच्या पुढे लावतात त्या लोखंडी गार्डवर, बुलबारवर, कारवाई करायला राज्यांना कळवलं होतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. टोचन हूक म्हणजे बुलबार नव्हे, हे खरं. पण कापलेला बंपर आणि घरी केलेलं वेल्डिंग घेऊन हा फरक रस्त्यावर कुणाला समजावत बसायचं? त्यात सायकलींमागे नंबर प्लेट झाकली जाते. १ एप्रिल २०१९ नंतरच्या गाड्यांची प्लेट उच्च सुरक्षा प्रकारची, एकदाच बसणाऱ्या रिव्हेटनी आवळलेली. ती काढून कॅरियरवर लावायची सोय नाही. मागचे लाल दिवे आणि इंडिकेटरही सायकलींआड जातात. रात्री मागून येणाऱ्याला ब्रेकचा दिवा दिसणार नाही.

इथे अब्बांनी भावाकडे बघितलं आणि तोच प्रश्न विचारला. “पीछे कौन आ रा?”

भाऊ काही बोलला नाही. पण मला चित्र दिसलं, त्यालाही दिसलं असणार. परभणी-वसमत रस्त्यावर कारच्या मागे कोण असतं? मोटारसायकलवर एक माणूस, मागे बायको, मधे पोर, पुढे टाकीवर पिशवी. हेल्मेट असलं तर एकाच्या डोक्यावर. कारमधून सायकल निसटली तर कारवाल्याला कदाचित आवाजही येणार नाही. आवाज मागच्याला येईल.

छतावरचं, डिकीतलं, सीटवरचं ओझं बहुधा आपल्यालाच त्रास देतं. मागे बांधलेलं ओझं सुटलं तर ते आपल्याला सोडून जातं आणि दुसऱ्याच्या वाट्याला येतं. अब्बांच्या नकाराचं मूळ हेच होतं. आकडे त्यांनी भावासाठी मांडले, कारण इंजिनिअर मुलाला नकार द्यायचा तर इंजिनिअरच्या भाषेत द्यावा असं त्यांना वाटलं. स्वतःसाठी त्यांना आकड्यांची गरज नव्हती.

हा नकार त्यांना किती जड गेला ते मी पाहिलं आहे. बारा वर्षांत मुलानं पहिल्यांदा त्यांच्या हातचं काही मागितलं होतं. हो म्हणणं सोपं होतं. जाड प्लेट, चांगले बोल्ट, वरून काळा रंग. भाऊ खूश होऊन गेला असता आणि कदाचित वर्षानुवर्षं काहीच झालंही नसतं. आपल्याकडे मुलांवरचं प्रेम दाखवायचं म्हणजे त्यांनी मागितलेलं द्यायचं, अशी एक समजूत असते. विशेषतः जी मुलं लांब गेली आहेत आणि वर्षातून दोनदा येतात त्यांच्या बाबतीत. आई-बाप त्यांच्यापुढे पाहुण्यासारखे वागायला लागतात. नको म्हटलं तर पुढच्या वेळी येणार नाहीत, ही भीती असते. अब्बांनाही ती भीती होती. अम्मीनं तर स्पष्टच म्हटलं, “एक लोखंडाचा तुकडा लावून दिला असता तर काय झालं असतं?”

संध्याकाळी भाऊ गप्पगप्प होता. बंपर परत बसवला गेला. जेवताना फारसं बोलणं झालं नाही. भाभी मला हळूच म्हणाली, “आपा, हे नाराज झालेत, पण अब्बांचं खरं आहे. मुन्ना मागेच बसतो ना.” तिनं हे मला सांगण्याऐवजी त्यालाच सांगावं असं मी सुचवलं. तिनं ते रात्री सांगितलं असावं.

सकाळी फजरनंतर दुकानातून ग्राइंडरचा आवाज आला. मी चहा घेऊन गेले तर भाऊ ग्राइंडर चालवत होता आणि अब्बा खडूनं दुसरंच काही आखत होते. सायकली खोक्यातून पाठवायचं ठरलं होतं. नवी सायकल दुकानात येते ती पुठ्ठ्याच्या खोक्यात, अर्धी सुटी केलेली. सायकलच्या दुकानवाले असं रिकामं खोकं देतात. पुढचं चाक काढायचं, पॅडल सोडवायची, हँडल वळवून आडवं बांधायचं, नळ्यांवर जुनी चादर गुंडाळायची, टायरची हवा थोडी कमी करायची. असं खोकं ट्रॅव्हल्सच्या डिकीत रात्रीतून येतं. आपल्याकडे पुण्याला डबे, लोणची, हळद जाते तशीच.

पण आलेली सायकल जोडायची तर ती जमिनीपासून उंच, हाताशी येईल अशी धरून ठेवणारं काहीतरी हवं. ते बाप-लेक मिळून बनवत होते. खाली जुन्या ट्रॉलीच्या आखाचा तुकडा, जड, म्हणजे हलणार नाही. त्यावर उभा पाइप. वर सायकलची नळी धरणारा पंजा, आतून ट्यूबचं रबर लावलेला. भावानं पंजा फिरता करायचं सुचवलं, म्हणजे सायकल आडवी-उभी करता येईल. अब्बांनी ते मान्य केलं आणि त्यासाठी जुन्या पाण्याच्या पंपाचा एक भाग शोधून काढला. दुपारपर्यंत ते दोघं भांडत होते. पाइप दीड इंची की दोन इंची यावर. इतकं बोलणं मी त्यांच्यात कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं.

रमजान ईदच्या आठवडाभर आधी दोन खोकी आली. भाडं नऊशे रुपये झालं. माझ्या लेकीनं तिची सायकल त्या स्टँडवर स्वतः जोडली. नाना शेजारी स्टुलावर बसून बघत होते, आणि प्रत्येक नट आवळून झाला की पुन्हा सोडवून परत आवळायला लावत होते. बासी ईदच्या सकाळी, ऊन व्हायच्या आत, मामू-भाची निघाले. औंढ्यापर्यंत जाऊन दुपारी घामाघूम होऊन आले. प्रयोगशाळेची जागा त्यांनी लांबूनच पाहिली. लेक म्हणाली, “अम्मी, तिथे तर माळरानच आहे.” मी म्हटलं, शांत जागा म्हणूनच तर निवडली, जमिनीतला थोडासा हादरासुद्धा त्या यंत्राला चालत नाही. यावर अब्बा म्हणाले, “मग आपल्या ट्रॉल्या तिकडून नेऊ नका म्हणावं.”

ज्यांच्या घरी असा प्रश्न येईल त्यांच्यासाठी दोन गोष्टी सांगते. गाडीसोबत जे पुस्तक मिळतं ते बहुतेक घरांत डॅशबोर्डच्या कप्प्यात न उघडता पडून असतं. गाडीला टोचन चालतं का आणि छतावर किती वजन चालतं, हे त्यातच बघावं. गॅरेजवाल्याच्या “लावून देतो” वर जाऊ नये. हुकाला कंपनीची मान्यता नसेल तर सायकल आत न्यावी, छतावर मापात न्यावी, किंवा खोक्यात घालून वेगळी पाठवावी. काहीही बाहेर बांधलं तर नंबर आणि दिवे उघडे हवेत, आणि पहिल्या दहा-पंधरा किलोमीटरनंतर उतरून प्रत्येक पट्टी हातानं ओढून बघावी, कारण पट्ट्या सैल होतात त्या सुरुवातीलाच.

तो स्टँड अजून दुकानात आहे. भाऊ पुण्याला नेणार होता, पण त्याच्या फ्लॅटच्या लिफ्टमधून नेण्याजोगा तो नाही. आता रविवारी आजूबाजूच्या खेड्यांतल्या मुली तिथे येतात. मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या त्यांच्या सायकली असतात, कुणाची चेन उतरलेली, कुणाचं पेडल सैल. माझी लेक त्या दुरुस्त करायला शिकली आहे आणि जे येत नाही ते मामूला व्हिडिओ कॉल करून विचारते. फोन लागला की अब्बा मध्येच तो हातात घेतात आणि मग अर्धा तास परत मिळत नाही. दुरुस्तीचे पैसे ते कुणाकडूनच घेत नाहीत. फक्त मागचा ब्रेक आणि मागचा लाल रिफ्लेक्टर स्वतः तपासल्याशिवाय सायकल स्टँडवरून खाली उतरवू देत नाहीत.